ज्वारीच्या पोत्यापासून सुरुवात: सोलापुरात कॉलेज करता करता कॅरेक्टर ॲनिमेशन

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पाच महिने एक पैलवान बनवत होतो. संगणकावर. दंड, मांड्या, मोडलेले कान, लंगोटाच्या चुण्यासुद्धा. पाच महिन्यांनी पैलवान उभा राहिला, आणि उभाच राहिला. हलवायला घेतला की खांदा छातीत घुसायचा, गुडघा उलटा वळायचा. मला शिकायचं होतं ॲनिमेशन आणि मी करत बसलो होतो मॉडेलिंग. हे दोन वेगळे धंदे आहेत, हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं.

तुमचे पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. केगावला विद्यापीठाच्या आवारात एम.एस्सी. करत असा, नाहीतर गावातल्या एखाद्या कॉलेजात बी.कॉम.; पदवी न सोडता रोज तास-दीड तास देता येत असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

आधी धंद्याची वाटणी समजून घ्या

पात्राचा आकार घडवतो तो मॉडेलर. त्या आकाराच्या आत हाडं आणि ओढायच्या दोऱ्या बसवतो तो रिगर. त्या दोऱ्या ओढून पात्राला चालायला, रुसायला, खोटं बोलायला लावतो तो कॅरेक्टर ॲनिमेटर. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात बाहुली कोरणारा आणि नाचवणारा एकच असायला लागत नाही, तसंच इथं. तेव्हा पहिली दोन वर्षं स्वतःचं पात्र बनवायचा मोह टाळा. दुसऱ्यांनी बनवलेले तयार रिग, म्हणजे हाडं आणि दोऱ्या बसवलेली पात्रं, फुकट मिळतात. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर; ब्लेंडर स्टुडिओचे ‘रेन’ आणि ‘स्नो’ हे दोन रिग नवशिक्याला पुष्कळ झाले. फक्त काम लोकांना दाखवताना रिग कुणाचा ते लिहायचं. ती अट आहे आणि रीतही आहे.

द्विमिती शिकू की त्रिमिती? हात चित्राला सरावलेला असेल तर द्विमिती, नसेल तर त्रिमिती. पण पहिले दोन महिने दोघांनीही कागदावर घालवावेत असं माझं ठाम मत आहे. कागदावर फसवता येत नाही. संगणक दोन पोझमधलं अंतर आपणहून भरून देतो आणि आपल्याला वाटतं, वा, हललं की. हललं म्हणजे जिवंत झालं असं नाही.

सामान

कोऱ्या कागदांचं एक रीम, पेन्सिल, पंचिंग मशीन. कागदांना दोन भोकं पाडून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या दोन खुंट्यांत अडकवले की चित्रं सरकत नाहीत. खालून उजेड हवा: दोन विटांवर खिडकीची काच, खाली एलईडी बल्ब. कागदांचे फोटो मोबाइलवर काढून जोडता येतात. त्यासाठी फ्लिपाक्लिपसारखी ॲप आहेत.

संगणकाचं म्हणाल तर ब्लेंडरला किमान ८ जीबी रॅम लागते. १६ असली तर सुखानं काम होतं. ब्लेंडर फुकट आहे. २००२ पासून त्याचा सोर्स खुला आहे, आणि फुकट म्हणजे कमी दर्जाचं हा गैरसमज आता तरी सोडा. २०२५ साली ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच बनला. द्विमितीसाठी क्रिटा, पेन्सिल टूडी आणि ओपनटून्झ हीदेखील फुकट आहेत. मोठ्या स्टुडिओंत माया हे सॉफ्टवेअर चालतं. विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की त्याचा शैक्षणिक परवाना मोफत मिळतो. पण तो शेवटच्या वर्षाला घ्या. एकावर हात बसला की दुसरं महिन्याभरात येतं.

ब्लेंडर टाकल्यावर लगेच करायची दोन कामं. एक, फ्रेम रेट २४ आहे ना ते बघा. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं. हाती काम करताना बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दुसरं, टाइमलाइनवर प्लेबॅकच्या खिडकीत ‘फ्रेम ड्रॉपिंग’ निवडा. हे कुणी सांगत नाही. मुळात ब्लेंडर प्रत्येक फ्रेम दाखवायच्या नादात असतो, त्यामुळे संगणक हळू असेल तर तुमचं पात्र खऱ्यापेक्षा संथ दिसतं. मग तुम्ही ते वेगवान करत सुटता आणि शेवटी व्हिडिओ काढल्यावर पात्र माकडासारखं उड्या मारतं. माझं पहिलं सेमिस्टर यातच गेलं. शंका आली की ‘व्ह्यू’ मेन्यूतून झटपट व्हिडिओ काढा आणि मोबाइलवर बघा.

पहिली पायरी: चेंडू

सगळे चेंडूनंच सुरुवात करतात आणि सगळ्यांना त्याचा कंटाळा येतो. मलाही आला. तरी चेंडू सोडू नका, कारण टायमिंग आणि स्पेसिंग या दोन शब्दांतला फरक इथंच कळतो. टायमिंग म्हणजे खाली यायला किती फ्रेम लागल्या. स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेममध्ये चेंडू कुठे कुठे होता.

थोडं भौतिकशास्त्र आठवा. सोडलेली वस्तू अर्ध्या सेकंदात साधारण १२० सेंटिमीटर पडते, म्हणजे आपल्या १२ फ्रेम. या १२ फ्रेमचे तीन-तीनचे चार भाग केले तर प्रत्येक भागात कापलेलं अंतर १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतं: साडेसात, साडेबावीस, साडेसदतीस, साडेबावन्न सेंटिमीटर. गच्चीच्या भिंतीवर खडूनं या खुणा करा, चेंडू सोडा, मोबाइलवर चित्रण करा. आकडे डोळ्यांनी पटतात. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणून तिथं मोजलेल्या फ्रेम ०.८ नं गुणल्या की आपल्या २४ च्या हिशेबात येतात.

टेनिसचा चेंडू टणक जमिनीवर टाकला तर निम्म्याहून किंचित जास्त उंच उसळतो. पहिल्यांदा पडायला १२ फ्रेम, तर उसळून वर जायला ९, परत खाली यायला ९, नंतर साडेसहा-सात. ही उतरंड मोडली की चेंडू खोटा. हाच चेंडू आता लेदरचा करा, मग पाणी भरलेला फुगा करा. रंग आणि आकार न बदलता, फक्त हालचालीवरून बघणाऱ्याला फरक कळला पाहिजे. जमलं तर पुढे चला.

इथं थोडं विषयांतर. आमच्या गल्लीत यंत्रमाग होते. त्या खटखटाटातच मी अभ्यास केलाय. आडवा धागा वाहून नेणारा धोटा एका टोकाला फटका खातो, सरळ दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथं आपटून थांबतो. सुरुवातीला रेंगाळणं नाही, शेवटी सावकाश होणं नाही. त्याच मागावर तुटलेला धागा जोडणारा कारागीर बघा. त्याचा हात निघताना हळू, मधे वेगात, धाग्याजवळ पोचताना पुन्हा हळू. यंत्र आणि माणूस यांच्यातला हा फरक म्हणजेच ज्याला ॲनिमेटर ‘ईज इन, ईज आउट’ म्हणतात. तुमच्या पात्राची हालचाल रोबोसारखी वाटते असं कुणी म्हणालं तर तुम्ही माणसाला धोटा केलाय असं समजा.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वं तुम्हाला जागोजागी भेटतील. यादी पाठ करू नका. वरचं हे एक तत्त्व होतं, बाकीची पुढच्या सरावात आपणहून येतात.

चेंडूनंतर त्याला शेपूट लावा. चेंडू पुढे, शेपूट मागून. चेंडू थांबला तरी शेपूट दोन-चार फ्रेम चालूच. वेणी, पदर, उपरण्याचं टोक, सगळ्यांचा बाप हा सराव. आठवडाभर पुरे.

दुसरी पायरी: पोतं

जगभर हा सराव पिठाच्या पिशवीवर करतात. आपण ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं घेऊ. खालचे दोन कोपरे पाय, वरचे दोन कोपरे हात. डोळे नाहीत, तोंड नाही. या पोत्याला उडी मारायला लावायची.

आधी स्वयंपाकघरातली पाच किलोची पिशवी उचला आणि फरशीवर टाका. काय होतं ते नीट बघा. पडल्यावर ती पसरते, पण पसरली म्हणून ज्वारी वाढत नाही. रुंद झाली की उंचीला कमी होते. हे चित्रात सांभाळणं म्हणजे आकारमान सांभाळणं. नवशिक्यांचं पोतं उडी मारताना हमखास दीडपट होतं.

उडीचे टप्पे: पोतं उभं आहे. मग ते खाली दबतं, साधारण ८ फ्रेम, कारण वर जायचं तर आधी खाली जावं लागतं. तिथं क्षणभर थांबतं. मग ताणून सुटतं, हा भाग फार वेगात, दोन-तीन फ्रेम. हवेत कोपरे मागे लोंबकळतात. उतरताना आधी खालचे कोपरे टेकतात, मग ज्वारी खाली बसते, मग वरचे कोपरे उशिरानं खाली येतात आणि थोडं डुलून स्थिर होतात. दबण्याचा तो टप्पा गाळून बघा एकदा. पोतं उडालंय असं वाटत नाही, कुणीतरी दोरीनं खेचलंय असं वाटतं.

उडी जमली की पोत्याला भावना द्या. रागावलेलं पोतं. नापास झालेलं पोतं. गाडी चुकलेलं पोतं. चेहऱ्याविना हे जमवायला लागलात की मणका वाकला तर काय, खांदे पडले तर काय, हे कळायला लागतं. मी एकूण चौदा पोती केली. त्यातली दोन अजून बघवतात.

तिसरी पायरी: चाल

आता रिग उघडा. चालण्याचं चक्र २४ फ्रेमचं धरू, म्हणजे एका पावलाला १२. फ्रेम १ ला संपर्क: पुढची टाच टेकलेली, पाय लांब. फ्रेम ४ ला खाली: सगळं वजन पुढच्या पायावर, गुडघा वाकलेला, डोकं सर्वांत खाली. फ्रेम ७ ला एक पाय दुसऱ्याच्या बाजूनं पुढे जातोय. फ्रेम १० ला वर: चवड्यावर उचललेलं शरीर, डोकं सर्वांत उंच. फ्रेम १३ ला पुन्हा संपर्क, पण पाय बदललेला. उरलेल्या अर्ध्यासाठी कष्ट नकोत: पोझ कंट्रोल-सीनं उचला आणि कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं टाका, डावं-उजवं उलटून मिळतं. फ्रेम २५ ला पहिलीच पोझ ठेवा, पण व्हिडिओ २४ पर्यंतच चालवा, नाहीतर प्रत्येक फेरीला बारीकसा गचका बसतो.

पायांना आयके (तळवा ठेवला की वरचा पाय आपोआप वाकतो) ठेवा म्हणजे तळवा जमिनीला चिकटून राहील. हातांना एफके (खांदा, कोपर, मनगट एकेक करून फिरवायचं) ठेवा, झोका नीट येतो. पाय कधीच पूर्ण ताठ करू नका, गुडघा टणकन उडतो. आणि कंबर व खांदे एकमेकांच्या उलट फिरतात. उजवा पाय पुढे तर डावा खांदा पुढे. हे सगळं झालं की तुमच्याकडे कुणाचीच नसलेली एक बरोबर चाल तयार होते.

खरं काम त्यानंतर. ही चाल कुणाची? एस.टी. स्टँडवर दीड तास बसा, वही घेऊन. गाडी लागल्याची घोषणा झाली की कोण कसा उठतो ते बघा. म्हातारा माणूस आधी हात गुडघ्यावर ठेवतो, मग पुढे झुकतो, मग उठतो. त्याचं एक पाऊल १८-२० फ्रेमचं. कॉलेजचा मुलगा पिशवीचा पट्टा खांद्यावर टाकता टाकताच उठलेला असतो. पार्क चौकात संध्याकाळी गाड्यांवर भेळ खात उभी असलेली माणसं बघा. एकाही माणसाचं वजन दोन्ही पायांवर सारखं नसतं. आपल्या पात्रांचं मात्र असतं, म्हणून ती पुतळ्यासारखी दिसतात.

अनोळखी माणसांचं चित्रण करू नका. बाया विड्या वळत बसलेल्या असतील तर मोबाइल रोखणं असभ्यपणाच आहे. विचारा, नाही म्हणाल्या तर शेजारी बसून वहीत रेघा मारा. मला त्यातून एक मोठी गोष्ट कळली: मांडीवर सूप, बोटं विजेसारखी, पण डोळे हातांवर नाहीतच, डोळे गप्पांमध्ये. नवख्या मुलीचे डोळे मात्र पानावर खिळलेले. सवय झालेलं काम आणि शिकाऊ काम यातला फरक फक्त नजरेत दाखवता येतो.

वजन: याचं शिक्षण सोलापुरात फुकट आहे

ॲनिमेशन शिकवणारे जगभर कानीकपाळी ओरडतात की पात्रात वजन दिसत नाही. त्यांना गड्ड्याची जत्रा कुठून माहीत असणार. मकरसंक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला माणूस ती उंच काठी एकट्यानं तोलतो. आपण लहानपणापासून बघतो ते काठीकडे, सजावटीकडे. या वर्षी फक्त पावलांकडे बघा. काठी कलायला लागली की हातांआधी पाय हलतात. काठीचा तळ कलत्या बाजूला सरकतो, कंबर खाली जाते, मान ताठ राहते. आणि मानकरी काठी दुसऱ्याला देतो तो क्षण बघा: घेणारा आधी गुडघ्यात वाकून तयार होतो, वजन आल्यावर नाही. देणाऱ्याचे खांदे एकदम वर येतात. जत्रेआधी गल्ल्यांमध्ये रात्री सराव चालतो, तेव्हा गर्दी कमी आणि बघणं सोपं.

नियम असा निघतो: वजन वस्तूत दिसत नाही, उचलणाऱ्याच्या तयारीत दिसतं. तुमच्या पात्राला घागर उचलायला लावा. आधी पाय फाकवणं, घागरीच्या जवळ जाणं, पहिला प्रयत्न फसणं, मग कंबर लावणं. एकदा रिकामी घागर, एकदा भरलेली. घागरीचं मॉडेल एकच. या एका सरावाला मी एक महिना दिला आणि पुढे मुलाखतीत मला त्याच शॉटबद्दल विचारलं गेलं.

एक शॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत

चार-पाच सेकंदांचा शॉट घ्या. त्याहून लांब नको. आधी स्वतः करून त्याचं चित्रण करा, दहा-बारा वेळा. पहिले तीन-चार प्रयत्न नाटकी असतात, सातव्या-आठव्यात खरं काहीतरी सापडतं. लाज वाटते, घरचे दार ठोठावतात. चालायचं. पण चित्रणावर रेघोट्या गिरवू नका. त्यातून मुख्य पोझ निवडा आणि पात्रात त्या थोड्या वाढवून घ्या.

मग ब्लॉकिंग, म्हणजे फक्त मुख्य पोझ मांडणं. कीफ्रेम (पोझ नोंदवलेल्या फ्रेम) निवडून टी दाबा आणि ‘कॉन्स्टंट’ करा, म्हणजे पात्र एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये थेट उडी घेईल, मधलं काही दिसणार नाही. अशा चार-पाच पोझमध्येच गोष्ट कळली पाहिजे. पात्र पूर्ण काळं करून नुसती सावली बघा: हात छातीसमोर हरवलाय का? मग मधल्या पोझ भरा. इथं ठरवा की वळताना आधी काय निघतं. बहुतेकदा डोळे आधी, दोन-तीन फ्रेमनी डोकं, मग खांदे. डोकं वळताना पापणी मिटली तर वळण मऊ दिसतं. एक उघडझाप साधारण ६ ते ८ फ्रेम.

दर तीन-चार फ्रेमला एक की होईपर्यंत कॉन्स्टंट सोडू नका. घाई केली आणि बेझिए केलं, म्हणजे मधलं अंतर संगणकाला गुळगुळीत भरू दिलं, की सगळं पाण्यात तरंगल्यासारखं होतं. त्या दिवशी निराश होऊन लॅपटॉप मिटणारी मुलं मी बघितली आहेत, मीही मिटलाय. ते सगळ्यांचंच होतं. मग ग्राफ एडिटरमध्ये, जिथं हालचाल आलेखाच्या रेघेसारखी दिसते, एकेका दोरीची रेघ घेऊन बसायचं: कंबर पहिली, मग छाती, डोकं, हात शेवटी. मनगट हवेत कोणती रेघ काढतंय ते बघा. कमान असावी, करवतीचे दात नसावेत.

बोलणं: आपली बाराखडी इथं कामाला येते

लिप सिंकचे, म्हणजे आवाजाशी ओठ जुळवायचे, तक्ते इंग्रजी उच्चारांवर बेतलेले असतात. आपल्याला त्यांची गरज नाही, शाळेत घोकलेली वर्णमालाच तक्ता आहे. कवर्ग घशात, तवर्ग दातांत, पवर्ग ओठांवर. घशातलं आणि टाळूवरचं बाहेरून दिसत नाही, म्हणून ते सोडून द्या. दिसतं ते एवढंच: प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात, व ला खालचा ओठ दातांकडे जातो, आ ला जबडा उघडतो, ई-ए ला तोंड रुंदावतं, उ-ओ ला गोल होतं.

मित्राकडून एक वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या: “कुठं जाऊलालास बे?” चित्रपटातला संवाद घेऊ नका. हक्कांची भानगड असते, आणि बघणाऱ्याला मूळ नटच दिसत राहतो. आता वाक्य फोडा. कु, तोंड गोल. ठं, जरा सैल. जा, जबडा खाली. ऊ, पुन्हा गोल. ला ला, दोनदा उघड, पण दुसरा ला पहिल्यापेक्षा लहान, नाहीतर बडबड दिसते. स, दात जवळ. बे, आणि फक्त इथं ओठ मिटतात. ती मिटलेली स्थिती किमान दोन फ्रेम धरा, एकच ठेवली तर डोळ्याला दिसत नाही. आणि तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणा.

पण तोंड सगळ्यात शेवटी करायचं. आधी ठरवा, हे वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे. त्यालाही सोबत यायचंय? तुम्ही त्याचे पाचशे रुपये देणं लागता? की तुम्ही कुणाला भेटायला निघालाय ते त्याला आधीच माहीत आहे? एकच आवाज, तीन शॉट. तोंडाच्या कीफ्रेम तिन्हीत त्याच राहतील. डोळे, भुवया, मान आणि उभं राहणं पूर्ण वेगळं येईल. यंत्रमागाच्या आणि विडीच्या या गावात एकाच चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडते. कानाला एवढी शिदोरी मिळत असताना परक्या आवाजांवर शॉट कशाला करायचे?

वेळ, वीज आणि क्लास

सेमिस्टरच्या परीक्षेआधी तीन आठवडे काम बंद ठेवा, फक्त वहीत रेखाटनं. एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा चाळिशीपार असतो, लॅपटॉप तापून संथ होतो. जड काम पहाटे करा. वीज गेली तर घाबरू नका: ब्लेंडर मुळातच दर दोन मिनिटांनी आपोआप जतन करतो, ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘रिकव्हर’मध्ये ते सापडतं. तरी रोज नव्या क्रमांकानं फाइल जतन करा. ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘फायनल आता बस’ अशी नावं देऊ नका.

क्लास लावायचा का? लावण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यानं स्वतः केलेले शॉट दाखवा. मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांच्या शोरील (निवडक कामाचे छोटे व्हिडिओ) दाखवा. पूर्ण अभ्यासक्रमात नुसत्या कॅरेक्टर ॲनिमेशनला किती महिने आहेत? उत्तरं गोलमोल आली आणि ‘नोकरीची हमी’ मात्र ठणकावून आली, तर चहा पिऊन निघा. माझ्या एका वर्गमित्रानं घरच्यांना कर्ज काढायला लावून दोन वर्षांचा कोर्स केला आणि शेवटी लग्नाच्या अल्बमची पानं जुळवायला शिकून बाहेर पडला. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी दोन वर्षं लागत नाहीत.

क्लासपेक्षा चार जणांचा गट बरा. आठवड्यातून एकदा भेटायचं, प्रत्येकानं अर्धवट काम दाखवायचं. ‘छान आहे’ म्हणायला बंदी. आणि घरी आईला आवाज बंद करून शॉट दाखवा, विचारा, “हा काय करतोय?” माझी आई एकदा म्हणाली, “पोट दुखतंय का रे त्याचं?” पात्र लाजत होतं.

पदवीनंतर

पुढं शिकायचं तर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) ॲनिमेशन फिल्म डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, त्यासाठी डॅट परीक्षा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचं एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आहे, त्यासाठी सीड. सीडला बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी चालते, पण प्रत्येक संस्थेच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच ठरवा. सीड जानेवारीत असते, ऐन गड्ड्याच्या दिवसांत. तेवढं एक वर्ष जत्रा बुडेल.

नोकरीच करायची तर पुणे, मुंबई आणि हैदराबाद. हैदराबाद आपल्याला रेल्वेनं सोयीचं आहे हे आपल्याकडची मुलं विसरतात, सगळे पुण्याच्याच गाडीत बसतात. मालिकांच्या कामात दिवसाला बरेच सेकंद काढावे लागतात, मोठ्या चित्रपटात आठवड्याला चार सेकंद म्हणजेही चांगलं काम. सुरुवातीला पहिलंच वाट्याला येतं, आणि हाताला वेगही त्यातच येतो.

शोरील एका मिनिटाच्या आत. तीन-चार शॉट, सर्वांत चांगला पहिला, दुसऱ्या क्रमांकाचा शेवटी. चेंडू आणि कोरडं चालणं त्यात नको. घागर असावी, संवाद असावा. ढणढणतं संगीत नको. सुरुवातीला आणि शेवटी नाव, फोन, ईमेल. रिग कुणाचा, आवाज कुणाचा, आणि गटात केलेल्या शॉटमध्ये तुमचं काम नेमकं कोणतं, हे त्या त्या शॉटखाली लिहा. पाठवण्याआधी लिंक मित्राच्या मोबाइलवर उघडून बघा. ‘परवानगी मागा’ असा पडदा आला की स्टुडिओतला माणूस पुढच्या मुलाच्या लिंककडे जातो.